गाणं दुणवणारी माणसं

पाच रेघांच्या छापील स्वरलिपीला इद्वाल प्रॉसर मास्तर ‘तारेवरचे कावळे’ म्हणत. त्यांना ती वाचता येत नव्हती. तरीही एकतीस वर्षं आमच्या त्रेहेलिग गावच्या हौशी संगीत नाटक मंडळीचे संगीत दिग्दर्शक तेच होते. डो, रे, मी ही अक्षरं, तेवढीच त्यांची लिपी. चॅपलच्या रविवारच्या शाळेत ती त्यांच्या हाडात गेली होती, जशी आमच्या खोऱ्यात बहुतेकांच्या जायची, अंगावरचं दूध सुटल्यासुटल्या.

मी ऑलवेन. तालमीत पियानो वाजवणारी. पहिली एकोणीस वर्षं मी हे काम मास्तरांच्या हाताखाली केलं. नव्या नाटकाची वही शहरातून आली की ती आधी माझ्या स्वयंपाकघरात यायची. एकेक कावळा तारेवरून उतरवून मी त्याचं अक्षर करायची आणि मगच वही मास्तरांकडे जायची. ती दोन दिवसांत त्यांना अशी पाठ व्हायची, की तिसऱ्या दिवशी माझ्याच चुका ते मला दाखवायचे.

पोटापाण्यासाठी ते खाणीच्या दिवेघरात होते. छातीत धूळ बसल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना खालून वर काढलं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक माणूस खिडकीशी यायचा, आपला नंबर सांगायचा आणि दिवा घेऊन जायचा. मास्तर नंबर ऐकायचे आणि आवाजही ऐकायचे.

“दोनशे चौदा.”

“पुन्हा बोल.”

“दोनशे चौदा. का हो, दिवा हरवला की काय?”

“दिवा आहे. तू खालच्या पट्टीचा बास आहेस, हे तुझ्या आईने तुला सांगितलं नाही का? गुरुवारी सहा वाजता ये, कामगार सभागृहात. आणि तोंड धुऊन ये.”

अशी आमची मंडळी जमली. उंच आवाजाचे पुरुष दुर्मीळ. म्हणून एखाद्या एकशे नव्वदला उंच आवाज निघाला, तर मास्तर त्याच्या बायकोला जाऊन भेटायचे आणि गुरुवारची परवानगी आधीच काढून ठेवायचे.

पण हे सगळं ते शिकले कुठे, हे सांगितलं नाही तर मास्तर अर्धेच सांगितल्यासारखे होतील. ते शिकले हर्मोन चॅपलमध्ये, बेब पाळकांच्या प्रवचनांत.

मी देवाची भोळी भाविक. गाणी पुष्कळ ऐकली, शहरात जाऊन मोठमोठे वाद्यवृंदही ऐकले. पण बेब पाळकांचं प्रवचन जेव्हा बोलण्याचा काठ सोडून गाण्यात शिरायचं, त्या क्षणाइतकं सुंदर मी काही ऐकलेलं नाही. पहिली वीस मिनिटं ते साधं बोलायचे, शेजारी कुंपणाशी उभा राहून बोलतो तसं. मग एखादा शब्द दुसऱ्यांदा यायचा, तिसऱ्यांदा यायचा, आणि तिसऱ्या वेळी तो जरा वरच्या सुरावर ठेवलेला असायचा. बाकांवरचं खोकणं थांबायचं. मग वाक्यं लांबत जायची आणि त्यांच्या खालून एक चाल वर यायची. ती कोणी बांधलेली नव्हती आणि पुढच्या रविवारी ती तशीच येणारही नव्हती. आमच्याकडे याला हुइल म्हणतात. होडीच्या शिडात वारा भरतो ना, तेच. वारा आणणं माणसाच्या हातात नसतं, शीड बांधून वाट बघणं तेवढं असतं, असं पाळक स्वतःच म्हणायचे.

व्यासपीठाच्या खाली, गाणं उचलणाऱ्याच्या जागी, मास्तर बसलेले असायचे. गाणं उचलणारा म्हणजे स्तोत्राचा पहिला सूर धरून सगळ्यांना आत ओढून घेणारा. ती सेवा वडिलांकडून त्यांच्याकडे आली होती. मांडीवर स्तोत्रांचं पुस्तक, पुस्तकात कागद आणि कागदावर पेन्सिलीने पाळकांच्या प्रवचनाची अक्षरं. गुरुवारी तोच कागद तालमीत निघायचा.

“रविवारी पाळक ‘तरीही’ या शब्दाआधी किती थांबले, कोण सांगेल?”

“माझं मटण करपेल एवढं थांबले,” तेगवेन म्हणायची. तेगवेन बेकरीवाली, खालच्या पट्टीतल्या बायकांत पहिली आणि जीभ चालवण्यात साऱ्या खोऱ्यात पहिली.

“दोन श्वास थांबले, बाई. एक त्यांचा, एक आपला. आपल्या नाटकात नवरी नकार देते ना, त्याच्या आधी तेवढं थांबायचं. एक तिचा, एक प्रेक्षकांचा.”

पाळक मात्र नाटकाला कधी आले नाहीत. रंगवलेली तोंडं त्यांना पटत नसत. चॅपलच्या दारात ते मास्तरांना विचारायचे, “काय प्रॉसर, तुमचं ते सोंग कसं चाललंय?”

“बरं चाललंय. श्वास तुमच्याकडून चोरलाय, म्हणून बरं चाललंय.”

“चोरीचा माल परत करा कधीतरी,” पाळक म्हणायचे आणि हसायचे.

आता आमच्या खोडीबद्दल सांगते. चॅपलमध्ये स्तोत्र संपलं की संपत नाही. शेवटच्या ओळी पुन्हा गायच्या, पुन्हा गायच्या, जीव भरेपर्यंत. याला गाणं दुणवणं म्हणतात. कोणी आज्ञा देत नाही. ऑर्गनचा श्वास सुटायच्या आत कोणीतरी, बहुतेक वेळा पाळकच, त्या ओळीला पुन्हा हात घालतो. मग गाणं उचलणारा ती उचलतो आणि चारी आवाज त्याच्यामागून चढतात. तीनदा, पाचदा. एकदा ईस्टरला अकरा वेळा झालं. रविवारचं मटण करपणं हा आमच्याकडे चांगल्या उपासनेचा पुरावा समजत.

चॅपलमध्ये हे शोभतं, रंगभूमीवर मात्र पंचाईत होते. शेवटचं समूहगीत संपलं, पडदा पडायचा, आणि नेमका त्याच वेळी दोनशे चौदा आपला पुन्हा सुरू! त्याच्या मागून सगळे, आणि प्रेक्षक उभे राहून आमच्याही पुढे. पडदेवाला दोर अर्धा सोडायचा, परत ओढायचा. एका वर्षी पडदा तीनदा कमरेपर्यंत येऊन वर गेला होता. खोऱ्यांच्या नाट्यस्पर्धेचे परीक्षक गावोगावी येऊन खेळ बघत. त्यांनी त्या वर्षी पत्रात लिहिलं, ‘समूहाला कोठे थांबावे हे कळत नाही. दिग्दर्शकाचा ताबा सुटलेला दिसतो.’

ते पत्र कार्यकारिणीत मोठ्याने वाचलं हेडन पग यांनी. हे आमचे चिटणीस, विम्याचे एजंट. आईने त्यांना संगीतकाराचं नाव दिलं, पण देवाने सूर दिला नाही, म्हणून चिटणीस केलं, असं तेगवेन त्यांच्या तोंडावर सांगायची.

“मास्तर, हे सलग चौथं वर्ष,” पग म्हणाले. “आणि भाड्याने आणलेले वादक मागच्या खेपेला हसत होते. तुम्ही त्यांना अक्षरं सांगत होता, ते कावळे बघत होते.”

“हसले, पण वेळेवर वाजवलं.”

“शाळेत नवा संगीतशिक्षक आलाय, लाईल. पदवी आहे. लोक विचारतात, तो असताना...” ते थांबले. वाईट माणूस नव्हता तो. “मी एवढंच म्हणतो, या वर्षी ‘घंटेकऱ्याचं लग्न’ तुम्हीच बसवा. पण शेवट एकदाच झाला पाहिजे. पुन्हा दुणवलं, तर पुढच्या वर्षी दिग्दर्शकाची काठी लाईलकडे.”

सगळे मास्तरांकडे बघत होते. त्यांना मूल नव्हतं, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. गुरुवार आणि रविवार सोडले तर त्यांच्या आठवड्यात दिवेघराच्या खिडकीशिवाय काही नव्हतं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“रास्त आहे,” म्हणाले. “एकदाच होईल.”

घरी जाताना मी म्हटलं, “तुम्ही हो कशाला म्हणालात? या लोकांना थांबवणं म्हणजे नदीला बस म्हणण्यासारखं आहे.”

ते रस्त्यातच उभे राहिले. “ऑलवेन! काय म्हणालीस? बस?”

पुढच्या गुरुवारी त्यांनी रंगमंचावर बाकं आणवली, लग्नघरातली म्हणून.

“शेवटच्या सुरावर सगळ्यांनी खाली बसायचं. सूर सुटला की बूड टेकलं पाहिजे. आपल्यातलं कोणी बसून स्तोत्र गायलंय कधी?”

“माझी आजी, मरताना,” तेगवेन म्हणाली.

“ती आडवी होती. बसलेली नव्हती.”

“आणि मास्तर, पाय आपोआप उठले तर?”

“शेजारणीने दाबून धरायचे.”

हसून हसून आमची पुरेवाट झाली, पण युक्ती लागू पडली. अकरा आठवडे आम्ही बसायला शिकलो. शेवटच्या ओळीत नवऱ्याकडची माणसं म्हणतात, ‘घंटा वाजली, दार उघडा, उजेड घेऊन आलो.’ उजेडाचा सूर सुटला की धप! चाळीस माणसं एकदम खाली. दोनशे चौदासुद्धा बसायचा, फक्त त्याचे ओठ काही वेळ हलत राहायचे. मास्तर काठी अशी खाली आणायचे, की पुढे जणू जमीनच संपली.

खेळाच्या आदल्या रविवारी बेब पाळकांचं निरोपाचं प्रवचन होतं. अठ्ठ्याहत्तर वय झालं होतं, पुढच्या महिन्यात ते लेकीकडे समुद्राकाठी जाणार होते. चॅपलच्या वरच्या सज्ज्यातसुद्धा लोक उभे होते. विषय काना गावच्या लग्नाचा, जिथे प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. पाळक बोलले, छान बोलले. वीस मिनिटं झाली, तीस झाली. ‘पाणी’ हा शब्द दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला, खोकणं थांबलं, आम्ही सगळे पुढे झुकलो. पण आवाज वर गेलाच नाही. त्यांनी पुन्हा शीड बांधलं, पुन्हा वाट बघितली. मग पुस्तक मिटलं आणि हळूच म्हणाले, “प्रार्थना करू या.” स्तोत्रही त्या दिवशी एकदाच झालं, कारण पाळकांनी ते दुणवलं नाही आणि त्यांच्या आधी हात घालायचा धीर कोणाला झाला नाही.

मास्तरांच्या मांडीवरचा कागद कोरा होता.

“आज वारा आला नाही, ऑलवेन,” दाराशी ते मला म्हणाले. त्यांचे डोळे मी त्यांच्या बायकोच्या दफनालाही तसे बघितले नव्हते. तेवढ्यात पाळक स्वतः काठी टेकत आले.

“प्रॉसर, प्रभू काना गावच्या लग्नाला गेला होता. मी तुमच्या त्या घंटेकऱ्याच्या लग्नाला आलो तर चालेल का?”

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत तेगवेननेच उत्तर दिलं, “चालेल की! पण पाणी आणा, बाकीचं आम्ही बघतो.”

शनिवारी संध्याकाळी सहाला सभागृह भरलं. तिसऱ्या ओळीत काळा कोट घालून पाळक बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी आदराने की भीतीने रिकाम्या सोडल्या होत्या. मध्यावर परीक्षकांचं टेबल, त्यावर छोटा दिवा. पग मागे भिंतीशी उभे. त्यांच्या शेजारी लाईल, पातळ केसांचा, लाजरा माणूस, हातात टोपी चुरगाळत.

असा खेळ आमच्याकडून पुन्हा कधी झाला नाही. नवरी नकार द्यायच्या आधी दोन श्वास थांबली आणि सभागृहही तिच्याबरोबर थांबलं. भाड्याचे वादक मास्तरांच्या हातावरून डोळा काढत नव्हते. शेवटचं गीत आलं, चारी आवाज भरले, ‘उजेड घेऊन आलो,’ काठी खाली, धप. चाळीसही जण खाली. शांत. पडदेवाल्याने दोर हातात घेतला. पियानोशी बसल्याबसल्या मी मनात म्हटलं, देवा, झालं. वाचले.

आणि तेव्हा तिसऱ्या ओळीतून एक आवाज आला.

‘घंटा वाजली...’

कापरा होता, म्हातारा होता. पण तो वर ठेवलेला होता. पाळक उभे राहिले होते. डोळे मिटलेले, एक हात पुढच्या खुर्चीवर. गेल्या रविवारी जो सूर त्यांना सापडला नव्हता, तो असा नको तिथे, रंगवलेल्या तोंडांसमोर येऊन उभा राहिला होता.

‘...दार उघडा...’

कोणी साथ दिली नाही. देणार कसं? गाणं उचलणाऱ्याने उचलल्याशिवाय आमच्याकडे कोणी चढत नाही. आमचे चाळीस जण बाकांवर, प्रेक्षक खुर्च्यांवर, सगळ्यांचे डोळे मास्तरांकडे. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. काठी खाली होती. ती तशीच राहिली असती तर पाळक ओळ संपवून बसले असते, टाळ्या पडल्या असत्या, पडदा पडला असता. एक म्हातारा माणूस जरा भावुक झाला, एवढंच लोक म्हणाले असते. मास्तरांनी परीक्षकांच्या दिव्याकडे बघितलं. पगांकडे बघितलं. मग ते प्रेक्षकांकडे वळले, पाळकांचा श्वास कुठे संपतो ते त्यांना पाठ होतं, आणि बरोबर तिथे त्यांनी काठी उचलली.

देवा रे! बाकं मागे कोसळली. तीनशे माणसं उभी राहिली. दुणवलं, तिणवलं, पाचव्यांदा झालं. पडदेवाल्याने दोर खुंटीला गुंडाळला आणि उंच आवाजात शिरला, तो एकशे नव्वदचा भाऊ होता. तुतारीवाला वाद्य पेटीत ठेवत होता, त्याने ते परत काढलं. आणि सगळ्यांच्या वर, चारी आवाजांच्या डोक्यावर, बेब पाळक आता शब्द सोडून नुसते गात होते. वारा मावत नव्हता.

शेवटी तेच बसले, तेव्हा संपलं.

नऊ मंडळ्यांत आमचा नंबर सातवा आला. परीक्षकांनी गायनाची फार स्तुती केली होती आणि खाली तेच वाक्य लिहिलं होतं.

कार्यकारिणीत पगांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला. तेगवेन उसळली. “चिटणीस, तुम्हीसुद्धा गात होता! मी बघितलं!”

“गात होतो,” पग म्हणाले. “बेसूर होतो, पण गात होतो. पाचही वेळा. तरी ठरलेलं ते ठरलेलं, बाई.” मग मास्तरांकडे वळून म्हणाले, “एक वाट आहे. परीक्षकांना कळवू या, की सुरुवात पाळकांनी केली. पाहुण्यांतून झालं, त्यात दिग्दर्शकाचा दोष नाही. खरंच आहे ते.”

“खरं नाही,” मास्तर म्हणाले.

“अहो, सगळ्यांनी ऐकलंय!”

“पाळकांनी ओळ म्हटली. गाणं कोणी उचललं? त्रेहेलिगमध्ये गाणं कोण उचलतं, पग?”

पगांनी चष्मा परत चढवला.

“लिहा मग. इद्वाल प्रॉसरने उचललं. त्या माणसाने पन्नास वर्षं मला श्वास दिला, आणि मी त्याला एका ओळीत एकटा सोडू?” मग जरा हसून म्हणाले, “काठी दिवेघरात आहे. सोमवारी आणून देतो.”

पाळक लेकीकडे गेले. त्यांना या पत्राबद्दल कोणी काही कळवलं नाही. मास्तरांनी आम्हा सगळ्यांकडून तसा शब्दच घेतला होता.

सप्टेंबरात लाईलची पहिली तालीम होती. मास्तर आले, तोंड धुऊन, सहा वाजता, आणि मागच्या ओळीत दोनशे चौदाच्या शेजारी बासमध्ये बसले. “जागा आहे ना?” एवढंच विचारलं. दोनशे चौदा इतका सरकला, की पडायचाच राहिला.

लाईलने हात उचलला. आम्ही सुरू केलं आणि चार ओळींत सगळं विस्कटलं. लाईलने पुन्हा हात उचलला. पुन्हा तेच. बिचारा गोरामोरा झाला, वही बघू लागला, चूक आपलीच असं त्याला वाटलं. मला पियानोवरून स्पष्ट दिसत होतं. अर्धगोलात बसलेल्या बायका लाईलकडे बघतच नव्हत्या. पुरुषही माना वळवून बघत होते. चाळीसही जण मास्तरांच्या छातीकडे बघत होते, ते श्वास कधी घेतात म्हणून.

मास्तरांच्या ते लक्षात आलं. ते उठले. मला वाटलं, आता निघाले दाराकडे.

त्यांनी आपली खुर्ची उचलली, ओळीतून वाट काढत पुढे आले आणि ती लाईलच्या अगदी समोर, आमच्याकडे पाठ करून मांडली. बसले. कोटाची बटणं लावली.

“मला लांबून दिसत नाही,” ते लाईलला म्हणाले. “इथून नीट दिसतं. करा सुरू, मास्तर.”

आमच्यासमोर आता त्यांची रुंद पाठ होती, आणि पाठीपलीकडे लाईलचा हात. दुसरीकडे बघायला काही उरलं नव्हतं. हात उठला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.